जावयाचं एक वाक्य

धारचे तात्या पोतनीस कोणाही माणसाची ओळख एका वाक्यात करून देत. दुसरं वाक्य लागलं तर चूक त्या माणसाची, असं त्यांचं म्हणणं. उभी हयात संस्थानाच्या कचेरीत गेलेली. तिथे भेटीला येणाऱ्याचं नाव आणि त्याने आयुष्यात काय केलं, एवढंच सांगायची पद्धत होती. संस्थान गेलं, कचेरी गेली, पद्धत तात्यांकडे राहिली. घरी पाहुणा आला की तात्या जावयांकडे वळत.

"हे आमचे थोरले, अण्णा. ह्यांनी धरण बांधलं."

पाहुणा अण्णांकडे धरणाकडे पाहावं तसा, जरा मान वर करून पाही.

"हे दुसरे, भाऊ. ह्यांचं पुस्तक कॉलेजात लावलंय."

पाहुणा आदराने पाय जवळ घेई.

"आणि हे तिसरे, बापूराव." इथे तात्या थोडे थांबत. पाहुण्याचा चेहरा उत्सुक होई, कारण शेवटी काहीतरी मोठं येणार असं त्याला वाटे. "हे देवासला असतात."

"अरे वा," पाहुणा म्हणे. आणि मग काहीतरी बोलायला हवं म्हणून, "हवा चांगली असेल तिकडची."

बापू मुळ्ये पंधरा वर्षं हे ऐकत आले होते. देवासला काय फक्त मुळ्येच असतात? देवासला म्हशी असतात, बकऱ्या असतात, टेकडीवर माताजी असतात. त्यांची ओळख कोणी अशी करून देत नाही. बापू एका कारखान्यात टाइम-ऑफिसात होते. कोण किती वाजता आला, हे लिहायचं. आता ह्यातून धारच्या दिवाणखान्यात सांगण्यासारखं वाक्य कसं निघणार? 'ह्यांनी लोकांना आत येताना पाहिलं' हे खरं होतं, पण त्यात दम नव्हता.

ब्याऐंशी सालच्या संक्रांतीला बापूंची बायको अलका माहेरी जाऊन आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "अहो, तात्यांचं सहस्रचंद्रदर्शन वैशाखात ठरलं. मांडव घालणार आहेत, लाउडस्पीकर सांगितलाय. तात्या स्वतः सगळ्या जावयांची ओळख करून देणार."

"एका वाक्यात?"

"एका वाक्यात. म्हणाले, बापूरावांना विचार, काही असेल तर कळवा."

'काही असेल तर' हे तीन शब्द बापूंच्या घशात तिळाच्या लाडवासारखे बसले.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, बरीच आहेत, त्यातलं एक निवडायला वेळ लागेल."

अलका अशी कधी खोटं बोलत नसे. बोलली म्हणजे तिलाही पंधरा वर्षं ते ऐकून काहीतरी होत असणार, हे बापूंच्या त्या दिवशी ध्यानात आलं. थोरली बहीण प्रमोदिनी 'आमचं धरण' म्हणते तेव्हा अलका कोथिंबीर निवडायला आत जाते, हेही त्यांना आठवलं. कोथिंबीर नसली तरी जाते.

आता वैशाखापर्यंत एक वाक्य तयार करायचं होतं.

सल्ला द्यायला गल्ली होतीच. देवासातल्या त्या गल्लीत प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं, हे बापूंना विचारपूस करायला लागल्यावर कळलं आणि ते जास्तच खचले. समोरच्या मानाजीसाठी एकदा टोंकखुर्दची बस थांबली होती. मानाजी पानाच्या टपरीवर होता, ड्रायव्हरने हॉर्न दिला, मानाजीने हात केला, बस थांबली. सगळे पॅसेंजर आत बसून, आणि मानाजी चुना लावतोय. ही गोष्ट तो अजून सांगत असे आणि बस दर वेळी आणखी थोडा वेळ थांबे. शेजारच्या उमाबाईंच्या लोणच्याला लग्नापासून एकदाही बुरशी आलेली नव्हती. एक बरणी तर त्यांनी केवळ पुरावा म्हणून ठेवली होती, तिला कोणी हात लावायचा नाही.

"बापू भिया, अपन तर म्हणतो रक्तदान करा," मानाजी म्हणाला. "बिल्ला भेटतो. सर्टिफिकेट भेटतं."

बापू रक्तदानाला गेले. त्यांच्या पुढच्या माणसाला सुई टोचलेली पाहून ते जे आडवे झाले, ते शिबिरातल्या लोकांनी त्यांना ग्लुकोज पाजून, रिक्षात घालून घरी पाठवलं. बिल्ला मात्र दिला. लावायचा धीर झाला नाही.

मग रोज पहाटे टेकडी चढायची असं ठरलं. आठवडाभर चढल्यावर लक्षात आलं की देवासात रोज टेकडी चढणारे इतके आहेत, की खरं म्हणजे न चढणारे मुळ्ये हेच काय ते वेगळे होते. तेवढंही वेगळेपण त्यांनी आपल्या हाताने घालवलं होतं.

हँडपंपाची कल्पना उमाबाईंची. त्या दिवशी नळ नेहमीप्रमाणे आधी खोकला, मग थुंकला, आणि मग त्याने मान टाकली. उमाबाई रिकाम्या बादल्या दोन्ही हातांत घेऊन ओट्यावर उभ्या होत्या आणि बापू दाढी अर्धी करून आत पाण्याची वाट बघत होते.

"भावजी, एवढं नाव काढायचं आहे ना, तर गल्लीत पंप आणा," उमाबाई म्हणाल्या. "बायका जन्मभर तुमचं नाव घेतील. यजमानांचं घेत नाहीत, पण तुमचं घेतील."

अर्ध्या गालाला साबण लावलेल्या अवस्थेत बापूंना आपलं वाक्य दिसलं. 'ह्यांनी देवासला पाणी आणलं.' धरणापेक्षा तसूभरही कमी नाही. उलट धरण म्हणजे पाणी अडवायचं, आणि हे आणायचं. अण्णांनी अडवलं, बापूंनी आणलं. त्यांनी उरलेली दाढी कोरडीच केली.

पाण्याच्या कचेरीत एक बाबू होते. त्यांनी अर्ज न बघता विचारलं, "कौन सी पाती?"

बाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. देवासात पूर्वी एका गावात दोन संस्थानं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन कचेऱ्या, आणि हद्द गावातून. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हे सगळं मिटलं, सरकार एक झालं, माणसांना ते कळलं. कागदांना कोणी कळवलं नव्हतं. मुळ्ये राहत ती गल्ली नेमकी हद्दीवर. डाव्या हाताची घरं थोरल्या पातीची, उजव्या हाताची धाकट्या पातीची, आणि मधली गटार दोघांचीही नाही, हे तिच्याकडे पाहूनच कळे. त्यामुळे कागदावर ही गल्ली दोनदा होती. एकदा ह्या बाजूने, एकदा त्या बाजूने.

बाबूंनी धूळ झाडून काहीतरी काढलं. "आपके यहाँ तो पंप है."

"नाही हो," बापू म्हणाले. "म्हणजे, नहीं है."

"है. उधर वाली पाती में लगा है. गली वही है."

"पण गली एकच आहे साहेब, आणि त्यात पंप नाही. मी तिथेच राहतो."

"आपके रहने से क्या होता है?" बाबू म्हणाले, रागाने नाही, समजुतीने. "नहीं है, तो लिखवा के लाइए कि नहीं है."

"कोणाकडून?"

"जिसने लगाया था, उससे."

बापू घरी आले, पाणी प्यायले (अर्धा पेला, उमाबाईंकडून उसना) आणि विचार करत बसले. न बसवलेला पंप बसवणारा माणूस शोधायचा, आणि त्याच्याकडून लिहून घ्यायचं की मी बसवलेला पंप तिथे नाही. माघ गेला, फाल्गुन आला. बापू कारखान्यातून सुटले की कचेरीत, कचेरीतून दुसऱ्या कचेरीत. तिथे सगळे त्यांना ओळखू लागले. चपराशी त्यांना दारातून पाहून आत ओरडायचा, "साब, वो पंप-नहीं-है आ गए!" पहिल्यांदा बापूंना अपमान वाटला. मग असं वाटलं, की चला, निदान कुठेतरी आपल्याला एका वाक्यात ओळखतात.

घरी आले की गल्लीची चौकशी. "झालं का भिया?" "होतंय." "किधर तक आलं?" "सही बाकी आहे." "कोणाची?" इथे बापू वाकून चपला काढू लागत, कारण कोणाची ते कचेरीलाही माहीत नव्हतं. मानाजीचं म्हणणं, साहेबाच्या घरी एक टोपली संत्री पाठवा. उमाबाईंचं म्हणणं, लोणचं पाठवा. पण मग ती पुराव्याची बरणी द्यावी लागेल, म्हणून त्यांनीच तो सल्ला मागे घेतला. बापूंना दोन्ही जमणार नव्हतं. लाच द्यायला एक प्रकारचा आत्मविश्वास लागतो. बापू नुसते बाकावर जाऊन बसत. रोज बसत. शेवटी असं झालं की एक दिवस ते ताप आल्यामुळे गेले नाहीत, तर चपराशी घरी चौकशीला आला.

त्यालाच बहुधा दया आली असावी. कारण चैत्राच्या सुरुवातीला कचेरीतून एक इन्स्पेक्टर साहेब प्रत्यक्ष पाहणीला आले, पंप नाही ह्याची खात्री करायला. हातात खडू, बगलेत फाइल.

"हां, मुळे जी," साहेब म्हणाले. "बताइए, कहाँ नहीं है?"

बापूंनी गल्लीकडे पाहिलं. एवढा सरळ प्रश्न त्यांना इतक्या महिन्यांत कोणी विचारला नव्हता. "सगळीकडेच नाही साहेब."

"ऐसे नहीं चलेगा. जगह दिखाइए. पंचनामे में जगह लिखनी पड़ती है."

बापूंनी जरा विचार करून आपल्या ओट्यासमोरची जागा दाखवली. "इथे नाही."

साहेबांनी वाकून जमीन पाहिली, बुटाने थोपटली, आणि खडूने गोल काढला. "यहाँ नहीं है," ते लिहिता लिहिता म्हणाले. "जहाँ नहीं है, वहीं लगेगा."

हे ऐकताच उमाबाई पदर खोचून खाली आल्या. "तुमच्याच दारात का नाही? आमच्याही दारात नाहीये! साहब, देखिए, हमारे यहाँ तो बिलकुल नहीं है!"

"भिया, खरं बोला तर सगळ्यात जास्त माझ्या दारात नाही," मानाजी म्हणाला. "माझी विहीर आहे, तीसुद्धा बारा महिने कोरडी. त्यांच्याकडे नुसता पंप नाही. माझ्याकडे पंप नाही आणि पाणी पण नाही."

पंप कोणाच्या दारात किती नाही ह्यावर दुपारपर्यंत भांडण चाललं. मानाजीने तळहातावर नारळ ठेवून जमिनीखालचं पाणी बघायलाही सुरुवात केली. नारळ गल्लीभर फिरला आणि तिन्ही वेळा मानाजीच्याच अंगणात, विहिरीपाशी उभा राहिला. लोक म्हणाले, मनगट बघा त्याचं. पण पंचनाम्यावर बापूंची सही झाली होती, आणि सरकारी कागदावर पंप एकदा एका जागी नाही म्हटल्यावर तो दुसऱ्या जागी नाही असं म्हणता येत नव्हतं.

यंत्र आलं ते वैशाख लागल्यावर. समारंभ आठवड्यावर आला होता. भलामोठा ट्रक, त्यावर लोखंडी मनोरा, मागे हवेचं यंत्र. गल्लीत ट्रक शिरावा म्हणून मानाजीच्या ओट्याचा कोपरा गेला. मानाजी जो येईल त्याला तो कोपरा दाखवत उभा राहिला. बापूंनी रजा काढली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. पहिलं पाणी लागेल तेव्हा नारळ फोडायला हवा, म्हणून त्यांनी मानाजीचाच नारळ मागून घेतला.

यंत्र सुरू झालं आणि पुढे दिवसभर गल्लीत कोणी कोणाशी बोललं नाही, कारण ऐकूच येत नव्हतं. जमिनीतून पांढरी पूड उडाली ती आधी वर गेली, मग वाऱ्याने विचार बदलला, मग ती उमाबाईंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर बसली. उमाबाई हातवारे करून काहीतरी सांगत होत्या. आवाज येत नव्हता, पण एकंदर आशय कळत होता.

"पत्थर है साब," यंत्रवाला मधूनमधून ओरडे.

"पाणी?"

"पत्थर."

दुपारी पत्थर होता. चार वाजता पत्थर होता. बापूंच्या भुवया, मिशा, शर्ट, सगळं पांढरं झालं; मूर्तिकाराने अर्धवट सोडून दिलेली मूर्ती उभी असावी तसे ते नारळ घेऊन उभे होते. यंत्रवाल्याने हवेचा जोर वाढवला. जमिनीतून एक मोठा उसासा आला. आणि तेवढ्यात समोरच्या घरातून मानाजीची बायको जमुनाबाई किंचाळत बाहेर आली.

"अगो बाई, धावा! विहीर उकळतीये!"

सगळे धावले. मानाजीच्या कोरड्या विहिरीच्या तळातून बुडबुडे येत होते. खडकात कुठेतरी फट होती. यंत्राची हवा बापूंच्या दारातून शिरली ती गल्ली ओलांडून विहिरीत निघाली होती, आणि निघताना तिने कधीपासून बुजलेला झरा मोकळा केला होता. आधी घोटाभर, मग गुडघाभर. संध्याकाळपर्यंत विहिरीत पुरुषभर पाणी आलं. कोणीतरी हळदकुंकू आणलं. कोणीतरी मानाजीच्या गळ्यात हार घातला. बापूंच्या हातातला नारळ घेऊन लोकांनी विहिरीपाशीच फोडला, आणि त्यातला खोबऱ्याचा एक तुकडा आठवणीने बापूंनाही आणून दिला.

"नारळ बोलला होता ना भिया," मानाजी म्हणाला. "तुम्हीच ऐकलं नाही."

बापूंच्या दारातलं भोक कोरडं राहिलं. खाली दगड टाकला की बराच वेळ काही ऐकू येत नसे, मग दगडावर दगड पडल्याचा आवाज येई.

दुसऱ्या दिवशी माणसं येऊन त्या भोकावर पंप बसवू लागली. बापू म्हणाले, "अहो, पाणी लागलं नाही. मग पंप कशाला?"

"मंज़ूरी पंप की है साब," मिस्त्री म्हणाला. "पानी की नहीं."

त्याने हिरव्या रंगाचा नवा पंप बसवला, चौथरा केला, सही घेतली आणि गेला. गल्लीतली पोरं दिवसभर दांडा वरखाली करत. आवाज पाणी असल्यासारखाच येई. समोर मानाजी विहिरीच्या काठावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "या ना भिया, भरून न्या, लाजायचं नाही." बापूंच्या घरी तो स्वतः बादली भरून पोचवे. ती बादली घेताना बापूंना जे वाटे त्यापेक्षा तहान बरी होती.

निघायच्या आदल्या दिवशी अलकाने साडीची घडी घालता घालता विचारलं, "वाक्य काय सांगायचं?"

"काही नको. काही नाही म्हणून सांग."

"का नाही? ह्यांनी देवासला पंप बसवला. ह्यात खोटं काय?"

"अगं, पाणी नाही त्याला."

"पाणी आणलं असं कुठे म्हणतोय आपण? बसवला म्हणतोय. बसवला ना?"

बापूंना वाद घालायचं त्राण नव्हतं. शिवाय त्यांनी ते वाक्य मनात म्हणून पाहिलं, आणि ते बरं वाटलं. पुढे कोणी काही विचारलं नाही, तर ते वाक्य एकदम भक्कम होतं.

धारला मांडव भरला होता. तात्यांना पिठाच्या दिव्यांनी ओवाळून झालं. लेकी, सुना, नाती, सगळ्यांनी ओवाळलं. दिव्यांच्या उष्णतेने तात्यांचा चेहरा तांबूस झाला होता, पण ते कचेरीत बसल्यासारखे ताठ होते. मग लाउडस्पीकर त्यांच्यापुढे आणला. त्याने आधी शिट्टी मारली, तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं, तो गप्प बसला.

"हे आमचे थोरले, अण्णा. ह्यांनी धरण बांधलं." टाळ्या. प्रमोदिनीने मान जराशी तिरकी केली.

"हे दुसरे, भाऊ. ह्यांचं पुस्तक कॉलेजात लावलंय." टाळ्या.

"आणि हे तिसरे, बापूराव." थांबले. बापूंनी पाहिलं तर अलका मांडवाच्या खांबाला धरून उभी होती आणि तिथे कोथिंबिरीचा काही प्रश्न नव्हता. "ह्यांनी देवासला हँडपंप बसवला."

टाळ्या वाजल्या. चांगल्या वाजल्या; धरणाइतक्या नाहीत, पण पुस्तकापेक्षा जास्त. बापूंनी नमस्कार केला, आणि खाली बसणार एवढ्यात तात्यांनी, जे ओळखीनंतर कधी अवाक्षर बोलत नसत, लाउडस्पीकर जवळ घेतला.

"पाणी गोड आहे का हो, बापूराव?"

बसता बसता 'हो' म्हणता आलं असतं. मान हलवली असती तरी भागलं असतं. पण बापू दमले होते. माघापासून ते त्या पंपाबद्दल बोलत होते. आधी नाही हे पटवायचं, मग कुठे नाही हे पटवायचं. आता आहे हे पटवायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

"पाणी नाही तात्या," ते म्हणाले. "पंप आहे."

मागे कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. अण्णांनी खोकल्यासारखं केलं. अलका खांबाकडे बघत राहिली. तात्या हसले नाहीत.

"पाणी नाही, आणि पंप मंजूर झाला?"

"हो."

"मंजुरी कोणी आणली?"

"मी."

"ओळख कोणाची होती?"

"कोणाची नाही. नुसता जात राहिलो. माघापासून."

लाउडस्पीकरमधून तात्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी पगडी सारखी केली. "मंडळी, मी संस्थानची कचेरी चालवली. ओळखीशिवाय कागद टेबलावरून हललेला मी जन्मात पाहिला नाही. मी स्वतः हलू दिला नाही. पाणी लागणं न लागणं देवाकडे आहे. हे आमचे तिसरे जावई, बापूराव. ह्यांनी कागद हलवला."

टाळ्या अशा वाजल्या की लाउडस्पीकरने पुन्हा शिट्टी मारली. बापूंच्या छातीत काहीतरी हललं. आधी त्यांना आम्लपित्त वाटलं. मग लक्षात आलं की हा अभिमान आहे. सवय नसल्यामुळे पटकन ओळखू आला नाही. अलका प्रमोदिनीच्या कानात काहीतरी सांगत होती. प्रमोदिनी कोथिंबीर निवडायला आत गेली.

पंगतीत बापूंच्या उजव्या हाताला राजगढचे एक मास्तर येऊन बसले. त्यांनी पहिला भात कालवायच्या आत विचारलं, "बदलीचा अर्ज आहे हो माझा, उज्जैनला अडकलाय. आपण एकदा जाल का?" डाव्या हाताच्या गृहस्थांचं वीजमीटर होतं. समोरच्या बाईंच्या मुलाची मार्कशीट होती, तिच्यावर दुसऱ्याच मुलाच्या बापाचं नाव होतं. वाढायला आलेला माणूस जिलबी वाढता वाढता वाकला आणि म्हणाला, "साहब, राशनकार्ड का कुछ होगा क्या?" आणि त्याने एक जिलबी जास्त टाकली. हात धुवायला उठले तर अण्णा मागोमाग आले. आजूबाजूला पाहून हळूच म्हणाले, "बापूराव, ते धरणाचं जरा... म्हणजे धरण आहे, पण पूर्ण झाल्याचा कागद भोपाळहून येत नाहीये. आठ वर्षं झाली. सरकारदरबारी ते अजून झालेलंच नाही. प्रमोदिनीला माहीत नाही."

"कागद द्या," बापू म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दुपारी मांडव रिकामा झाला. बापूंनी अलकाकडून एक पिशवी मागून घेतली होती आणि ती लोकांच्या कागदांनी निम्मी भरली होती. तेवढ्यात तात्यांनी आत बोलावलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तात्यांनी दार लोटलं आणि उशीखालून एक जीर्ण कागद काढला.

"बापूराव, एक गोष्ट आहे. शाळेत घालताना आमच्या वडिलांनी वय तीन वर्षं कमी सांगितलं. तेच पुढे सगळीकडे लागलं. कागदावर मी अजून अठ्ठ्याहत्तरचाच आहे."

"मग आता ह्या वयात बदलून काय करायचं तात्या?"

"काय करायचं?" तात्या म्हणाले. "सगळं गाव जेवून गेलं, दिवे ओवाळून झाले, आणि कागदावर चंद्र कमी पडतायत. जन्मभर दुसऱ्यांचे कागद चुकीचे म्हणून परत पाठवले हो मी. हा एवढा चुकीचा घेऊन मला वर जायचं नाही."

बापूंनी कागद घेतला. सवयीने आधी उलटा करून शिक्का कुठे आहे ते पाहिलं. "तुमच्या जन्माच्या वेळी हजर असलेलं कोणी आहे का? विचारतील."

तात्यांनी खरोखर विचार केला. "मीच होतो," ते शेवटी म्हणाले.

"तुमची साक्ष नाही धरणार."

"का?"

"कागदावर तुम्ही तेव्हा जन्मला नव्हता."

तात्यांनी बापूंच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात त्यांनी अशी हरकत शेकडो लोकांच्या कागदांवर घेतली असेल, पण ती समोरून येताना कशी दिसते ते आज पहिल्यांदा पाहत होते. "मग कसं करायचं?" त्यांनी विचारलं. त्या आवाजात विचारलं, ज्या आवाजात लोक त्यांच्या कचेरीत विचारत असत. "तुम्ही म्हणाल तसं करू, बापूराव."

हे शब्द सासऱ्यांच्या तोंडून ऐकायला मिळावेत म्हणून बापूंनी पंधरा वर्षं काय काय मनात रचलं होतं. ते सगळं आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. आठवेना. झोप येत होती.

"इथली कचेरी सोमवारी कधी उघडते?"

"साडेदहाला," तात्या म्हणाले, आणि प्रामाणिकपणे पुढे म्हणाले, "माणूस येतो बाराला."

"मग मी साडेदहालाच येतो," बापू म्हणाले आणि कागद पिशवीत, धरणाच्या वर ठेवला. "कोणी नसतं तेव्हा बाकावर जागा मिळते."